कार्ट्रिज कोणासाठी राखायचं? ग्रामीण रुग्णालयातलं गनोरियाचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातला तेलंगणाला लागून असलेला तालुका, ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आणि पोळ्यानंतरचा आठवडा. प्रकरण एका जोडप्याचं आहे. बाई २८ वर्षांची, निंदणाच्या रोजावर जाणारी. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर, सणावारालाच घरी येणारा. एक मुलगा आहे पाच वर्षांचा, दुसऱ्यासाठी दोन वर्षांपासून वाट पाहणं चालू आहे आणि त्यावरून सासूची रोजची बोलणी. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि कामधंदा यांत थोडा फेरफार केला आहे. आजार आणि औषधोपचार यांना हात लावलेला नाही.

त्या दिवसांत आमच्या लॅबमध्ये गनोरियाची, म्हणजे शरीरसंबंधांतून लागणाऱ्या, जुन्या बोलीतल्या परम्याची, तपासणी जागेवरच करता येत होती. क्षयरोगासाठी आलेलं सीबीनॅट मशीन आता तालुक्याच्या गावीही ओळखीचं झालं आहे. थुंकीच्या कार्ट्रिजऐवजी (नमुना भरून मशीनमध्ये सरकवायची, एकदाच वापरायची डबी) वेगळं कार्ट्रिज घातलं की तेच मशीन साधारण दीड तासात गनोरिया आणि क्लॅमिडिया हे दोन्ही जंतू ओळखतं. अशी थोडी कार्ट्रिजं वैद्यकीय महाविद्यालयातून आमच्याकडे आली होती. थोडी म्हणजे इतकी थोडी की पाकीट फाडताना हात अडखळावा. पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये वाद झाला : लघवीच्या जागेतून पू येणारा पुरुष आला की त्याच्यासाठी कार्ट्रिज वापरायचं की नाही? सरळ वाटणारं उत्तर ‘हो’ असं आहे. माझं मत तेव्हाही उलट होतं आणि या जोडप्यानंतर ते पक्कं झालं.

बाई आली ती

गुरुवारचा बाजार, त्यामुळे ओपीडी भरलेली. आशाताई तिला घेऊन आल्या. तक्रार ठरलेलीच, “पांढरं जाते अंगावरून.” कधीपासून? “लय दिवसांपासून.” असं म्हणणाऱ्या बाया दिवसाला कितीतरी येतात. घाईच्या ओपीडीत हातात ठरलेल्या गोळ्यांचं हिरवं किट ठेवून पुढचा नंबर पुकारला जातो. पण जाता जाता ती म्हणाली, “अन् चार-पाच दिवस झाले, लघवीले आग होते.” जुन्या तक्रारीच्या आड नवी तक्रार अशीच लपून येते. आशाताईंना मी बाहेर चहा घ्यायला पाठवलं. आशाताई चांगल्या आहेत, पण त्याच गावच्या आहेत आणि सासूच्या भिशीत आहेत.

दार लोटल्यावर विचारलं, मालक घरी आहेत का. आहेत. बरे आहेत का? थोडा वेळ ती पदराचं टोक पिळत बसली. “आले तवापासून गोळ्या खातात. काहून खाता म्हटलं तं सांगत नाई.”

स्पेक्युलम घालून पाहिलं. पातळ, राखाडी-पांढरा स्राव. पीएचची पट्टी साडेचारच्या वर गेली. काचेवर पोटॅशचा थेंब टाकला तर माशासारखा वास आला. गर्भाशयाचं तोंड किंचित लाल, पण त्यावर पू नाही. ओटीपोटात दुखणं नाही, हात लावल्यावर कळ नाही. ताप नाही. लघवीची गर्भचाचणी निगेटिव्ह.

म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडला की होणारा, फार साधा प्रकार. निदान बरोबर होतं. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, तक्त्याप्रमाणे उत्तर हिरवं किट : सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. तिचं पांढरं जाणं त्यानं थांबलंही असतं. या दोन गोळ्यांमधलं काहीही गनोरियाच्या जंतूला मात्र शिवत नाही. त्यासाठीचं किट राखाडी, त्यात सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. ते कोणाला द्यायचं, तर ज्या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडावर पू दिसतो तिला. इथं तो दिसत नव्हता.

किटांची पद्धत कुठं तोकडी पडते

लक्षणं पाहून औषध द्यायची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं १९८४ मध्ये पुढं आणली. ती वाईट आहे असं म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्या ठिकाणी एक पावसाळा काढावा. लॅब नाही, रुग्ण पुन्हा येईल याची खात्री नाही, अशा जागी रंगांची सात किटं ही मोठी सोय आहे. राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. एएनएमसुद्धा चुकत नाही. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येत असेल तर ही पद्धत जवळजवळ कधीच चुकत नाही. कारण पुरुषात गनोरिया बहुधा गाजावाजा करत येतो. संसर्गानंतर दोन ते सात दिवसांत आग, मग पू.

बाईच्या बाबतीत हे गणित फिसकटतं. गनोरिया झालेल्या निम्म्याहून अधिक बायकांना जाणवण्यासारखं काहीच होत नाही, आणि ज्यांना पांढरं जातं त्यांतल्या बहुतेकींचं कारण भलतंच असतं. त्यामुळे किटं दोन्हीकडे वाया जातात : नको तिला दिलं जातं, हवं तिला मिळत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, बाईमागे सरासरी ३.६. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. विदर्भातल्या डॉक्टरांना हे आकडे पाठ असतात. त्यातला ३.६ हा आकडा मला नेहमी जास्त बोलका वाटतो. एका बाईत एकाच वेळी दोन-तीन आजार असतील, तर डोळ्यांना दिसलेला पहिला आजार खरा असूनही पुरेसा नसतो. आमच्या या बाईचं तेच झालं होतं.

मायक्रोस्कोपही बाईला फारसा साथ देत नाही. पू येणाऱ्या पुरुषात ग्रॅम स्टेनच्या, म्हणजे रंग देऊन पाहिलेल्या, काचेवर गनोरिया शंभरातल्या ९५ जणांत दिसतो. बाईच्या स्वॅबवर तो निम्म्या वेळा हुकतो, कारण तिथं इतर जंतूंची एवढी गर्दी असते की त्यातून हा एक ओळखून काढणं अवघड. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, सोडलं तर भरवशाचं उत्तर एकच, जंतूचं डीएनए शोधणारी चाचणी. म्हणून कार्ट्रिज फाडलं.

दीड तास

काम म्हटलं तर सोपं आहे. स्वॅब बाई स्वतःच आत घालून घेऊ शकते, त्यासाठी स्पेक्युलमचीही गरज नाही. आमचं स्पेक्युलम आधीच झालं होतं, तरी स्वॅब मी तिलाच घ्यायला सांगितला. एकदा तिला जमलं की पुढच्या वेळी उपकेंद्रातही जमेल. स्वॅब नळीतल्या द्रवात मोडून टाकायचा, नळी हलवायची, ड्रॉपरनं ठरलेलं माप कार्ट्रिजच्या कप्प्यात सोडायचं, झाकण लावायचं, मशीनमध्ये सरकवायचं. पुढचं मशीन करतं. गनोरियाच्या जंतूच्या डीएनएमधल्या दोन वेगवेगळ्या खुणा ते शोधतं आणि दोन्ही सापडल्या तरच ‘डिटेक्टेड’ म्हणतं. नमुन्यात माणसाच्या पेशीच नसतील, म्हणजे स्वॅब नीट घेतलाच नसेल, तर तेही सांगतं.

अडचण वेगळीच. मशीनला चार कप्पे आणि ते क्षयरोग विभागाचं. आमचे लॅबवाले दादा कामाला चोख, पण त्यांच्यापुढे थुंकीच्या डब्यांची रांग होती. “मॅडम, टीबीवाल्यांनी विचारलं तं तुम्ही बोलजा,” असं म्हणून त्यांनी तिसऱ्या कप्प्यात आमचं कार्ट्रिज सरकवलं. त्याआधी बोट लावून यूपीएसचा दिवा पाहिला. पावसाळ्यात आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. मध्येच वीज गेली तर चाचणी फुकट आणि कार्ट्रिजही फुकट. कार्ट्रिज २ ते २८ अंशांत ठेवायचं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात ते निभतं, मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला तर साठा फ्रीजमध्येच हवा. मशीन हैदराबादला किंवा नागपूरला जसं चालतं तसं इथं चालत नाही, एवढं मशीन देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

तोवर साडेअकरा झाले होते. तिच्या गावची एसटी अडीचला, त्यानंतरची साडेसहाला. साडेसहाच्या एसटीनं बाई घरी गेली तर ‘इतका वेळ कुठं होतीस’ हे ओघानं आलंच. म्हणजे आमच्या हातात तीन तास.

लंडनमधलं डीन स्ट्रीट एक्सप्रेस हे केंद्र २०१४ मध्ये सुरू झालं. तिथंही याच जातीचं मशीन आहे. लोक स्वतः नमुना घेतात, ठेवतात आणि कामाला निघून जातात; काही तासांत निकाल मोबाइलवर येतो. माणसाचा मोबाइल त्याचा स्वतःचा असतो, हे तिथं गृहीत आहे. आमच्या बाईनं दिलेला नंबर नवऱ्याचा होता. तो हैदराबादला असला की तिचा फोन म्हणजे दिराचा फोन. अशा नंबरवर कसला निकाल पाठवणार? नमुना नागपूरला पाठवून आठवड्यानं निकाल मिळवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असतं. पण तो निकाल तिच्यापर्यंत पोचवायला आशाताई, म्हणजे गाव, म्हणजे सासू. मशीनच्या माहितीपत्रकात वेग म्हणजे सोय असा सूर असतो. आमच्याकडे वेगाचा अर्थ गुप्तता असा होतो. बाई आवारात असेपर्यंत निकाल आला तरच तो तिचा एकटीचा राहतो.

हा दीड तास रिकामा गेला नाही. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, बोटातून रक्त घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिस यांची चाचणी झाली, दोन्ही निगेटिव्ह. समुपदेशकांनी तिला बसवून विचारलं की निकालात काही निघालं तर काय करायचं. हा प्रश्न निकालाआधीच विचारायचा असतो. निकाल हातात पडल्यावर माणूस विचार करत नाही, घाबरतो. ती म्हणाली, “त्याहिले सांगा लागन ना. पण मी सांगतलं असं नको.”

एक गोष्ट आम्ही आपसात बोलून घेतली, कारण ती फार जण विसरतात. चाचणी कितीही चांगली असली तरी ती कोणाला लावतो यावर निकालाचा खरेपणा ठरतो. समजा, १००० बायकांत १० जणींना खरोखर गनोरिया आहे. चाचणी शंभरातल्या ९५ जणींचा आजार पकडते आणि निरोगी हजारांतल्या पाचच जणींना चुकून आजारी ठरवते. हिशेब मांडा : खऱ्या नऊ-दहा सापडतात आणि खोट्या पाच. म्हणजे पॉझिटिव्ह म्हटलेल्या दर तिघींत एक विनाकारण. शहरातल्या डॉक्टरला ही आकडेवारी वाटेल. आमच्याकडे ती तिसरी बाई माहेरी पाठवली जाते. म्हणून पांढरं जातं म्हणणाऱ्या सरसकट प्रत्येकीला ही चाचणी लावायला माझा विरोध आहे. या बाईची गोष्ट वेगळी होती. नवरा सहा महिने बाहेर, आल्यापासून न सांगता गोळ्या खातो आणि तिला पाच दिवसांपासून आग. इथं आधीच शंका दाट होती, त्यामुळे निकालावर विसंबता येणार होतं.

एकच्या सुमाराला पडद्यावर आलं : गनोरिया डिटेक्टेड, क्लॅमिडिया नॉट डिटेक्टेड.

नवऱ्याला बोलावणं

कायद्यानं आणि रीतीनंही, तिचा निकाल तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला सांगता येत नाही. परवानगी होती, पण अट होती. समुपदेशकांनी यातून जी वाट काढली ती आमच्याकडे आता वापरात आहे. दुसरं मूल होत नाही ही तक्रार केस पेपरवर होतीच. ‘मूल होत नसेल तर तपासणी नवरा-बायको दोघांची लागते’ हे वाक्य खरं आहे, आणि त्यात कोणावर बोट रोखलेलं नाही. तिनंच फोन लावला. तो बाजारातच होता, म्हशीची दावण घेत. पावणेदोनला मोटरसायकलवर आला. कपाळावर आठ्या होत्या, पण आला.

नमुना नागपूरला गेला असता तर हा माणूस आठवड्यानं हैदराबादला असता. जागेवरच्या तपासणीनं आम्हाला सगळ्यात जास्त काय दिलं असेल, तर हा पाऊण तास.

त्याच्याशी बोलायला समुपदेशक एकटे बसले. मी बसले नाही, बाईमाणसापुढे तो बोलला नसता. आधी काही नाही म्हणाला. मग मेडिकलमधून गोळ्या घेतल्या म्हणाला. खिशात रिकामी पट्टी होती, सिप्रोफ्लॉक्सासिनची. पू कमी झाला होता, थांबला नव्हता. यात नवल नाही, आपल्याकडचे गनोरियाचे बहुतेक जंतू सिप्रोला केव्हाच जुमानेनासे झाले आहेत. त्यानंतर तो तावातावानं म्हणाला, “मंग तिच्यापासूनच झालं असंन.”

या वाक्याची आम्ही वाटच पाहत होतो. समुपदेशकांचं उत्तर शांत होतं : कोणाला आधी झालं हे कोणतंच मशीन सांगत नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. हे टाळाटाळीचं उत्तर नाही. बाईत हा जंतू महिनोन् महिने गुपचूप राहू शकतो, पुरुषातही क्वचित राहतो. चाचणी फक्त आज जंतू आहे एवढंच म्हणते. डॉक्टरनं स्वतःच्या मनातला अंदाज ओठांवर आणला की तो निकालाचा भाग होऊन बसतो. हैदराबादबद्दल तो बोलला, पण थोडंच. नाव दिलं नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी एक चिठ्ठी त्यानं खिशात घातली, एवढ्यावर ते थांबलं.

काच

इथं लॅबवाल्या दादांनी विचारलं, दुसरं कार्ट्रिज काढू का? नको म्हटलं.

त्याच्या स्रावाचा एक थेंब काचेवर पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, लाल रंग. मध्ये मध्ये नळाखाली धुणं. काच वाळून तेलाच्या भिंगाखाली जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. पुवाच्या पेशी खचाखच आणि त्यांच्या पोटात गुलाबी जंतूंच्या जोड्या, राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा. निदान झालं. खर्च काही रुपयांचा, कार्ट्रिजची किंमत त्याच्या कितीतरी पट. वीज गेली असती तर आरशावर ऊन घेऊनही काम भागलं असतं.

जागेवरची जलद तपासणी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मशीन येतं. पू येणाऱ्या पुरुषासाठी ती १८८० च्या दशकापासून आपल्याकडे आहे, तिला ग्रॅम स्टेन म्हणतात. नवीन यंत्र आलं की जुनी काच धूळ खात पडते आणि रंग करणारे हात विसरतात, हे मी इतर आजारांच्या बाबतीत पाहिलं आहे. थुंकीचंच घ्या ना. असो.

काच एक गोष्ट सांगत नाही : सोबत क्लॅमिडिया आहे का. बायकोचा क्लॅमिडिया निगेटिव्ह असला तरी त्याचा असेलच असं नाही. पण त्यासाठी एक ग्रॅम अझिथ्रोमायसिन पुरतं, कार्ट्रिज लागत नाही. सात दिवसांची डॉक्सिसायक्लिन त्याहून सरस आहे हे खरं. मात्र परवा रेल्वेत बसणाऱ्या माणसाला सात दिवसांच्या गोळ्या देण्यापेक्षा आपल्यासमोर पाण्याबरोबर गिळलेली एक मात्रा बरी, असं मला वाटलं.

दोन्ही चाचण्या आणखी एका बाबतीत मुक्या आहेत. हा जंतू कोणत्या औषधाला मरतो, हे ना काच सांगते ना हे कार्ट्रिज. ते कल्चरच सांगू शकतं. गनोरियानं सल्फापासून पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोपर्यंत एकेक औषध निकामी केलं. आता हाताशी उरलंय ते प्रामुख्यानं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. सगळीकडे कार्ट्रिजंच वापरली गेली आणि कल्चर बंद पडलं, तर हेही औषध हातचं गेल्याचं आपल्याला फार उशिरा कळेल. म्हणून इंजेक्शनआधी त्याचा एक स्वॅब कोळसा घातलेल्या माध्यमात ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं महाविद्यालयात पाठवला. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण हा जंतू थंडीनं मरतो, वाळल्यानं मरतो आणि माणसाच्या शरीराबाहेर त्याला फार काळ तग धरता येत नाही. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘वाढ नाही’. सिप्रोच्या गोळ्यांनी मार खाल्लेला जंतू, वर इतका प्रवास. पाठवण्यात अर्थ होता, निकालात नव्हता.

इंजेक्शन

राखाडी किटमधल्या सेफिक्झिमऐवजी दोघांनाही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं, स्नायूत, एकच डोस. मात्रेवर जगभर एकमत नाही : अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये ५०० मिलिग्रॅम ठरवलं, ब्रिटनमध्ये १ ग्रॅम देतात. आमच्या कपाटात १ ग्रॅमची कुपी असते आणि अर्धी कुपी फेकून देण्याला मला काही कारण दिसत नाही. लिग्नोकेनमध्ये, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधात, विरघळवून द्यायचं, नाहीतर रुग्ण दोन दिवस त्या बाजूवर बसत नाही. तिला सोबत सेक्निडॅझोल, कारण व्हजायनोसिसही खरंच होता. अझिथ्रोमायसिन नाही; क्लॅमिडिया नाही हे कळल्यामुळे ते वाचलं. ‘नाही’ या उत्तराचीही किंमत असते, ती अशी.

इंजेक्शननंतर अर्धा तास दोघांना व्हरांड्यात बसवून ठेवलं. आशाताई अडीचच्या एसटीनं गेल्या. हे दोघं मोटरसायकलवर गेले. सात दिवस संबंध नाही, हे दोघांनाही वेगवेगळं आणि मग एकत्र सांगितलं. तो हसला, सणाचे दिवस संपले म्हणाला. ती हसली नाही.

मूल न होण्याचं कारण हेच होतं का? सांगता येत नाही. उपचाराविना राहिलेला गनोरिया गर्भनलिकांपर्यंत चढतो, त्या चिकटतात, पुढं वंध्यत्व किंवा नलिकेतच गर्भ राहणं. तिच्या बाबतीत संसर्ग ताजा दिसत होता आणि दोन वर्षांची वाट जुनी. नवरा वर्षातून दोन-तीनदा घरी येतो, हेच कारण मला जास्त पटतं. पण ते सासूला कोण सांगणार.

तीन महिन्यांनी

उपचारानंतर लगेच तीच चाचणी करू नये. मेलेल्या जंतूचं डीएनए दोन-तीन आठवडे सापडत राहतं आणि बरा झालेला माणूस पॉझिटिव्ह दिसतो. पुन्हा तपासायचं ते तीन महिन्यांनी, आणि ते पुन्हा लागण झाली का हे पाहण्यासाठी. तीन महिन्यांनी म्हणजे कापूस वेचणीच्या ऐन हंगामात. किलोमागे पैसे मिळतात तेव्हा बाई दिवस मोडून दवाखान्यात येत नाही, आणि यावं अशी अपेक्षा ठेवणाऱ्यानं एकदा वेचणीला जावं. उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी तिनं स्वतः स्वॅब घेतला, नळी आमच्याकडे आली, निकाल निगेटिव्ह. एचआयव्हीची चाचणीही त्याच दिवशी पुन्हा झाली, निगेटिव्ह. यात सासूला सांगायला कारण सोपं होतं, मुलाला डोस द्यायचा आहे.

नवऱ्याची तपासणी राहिली. फोन लागतो, “येतो साहेब” म्हणतो. हैदराबादच्या चिठ्ठीचं काय झालं ते समुपदेशकांनी विचारलं तेव्हा फोन कट झाला.

आता आमच्याकडे काय चालतं

लॅबच्या दारामागे एक कागद चिकटवला आहे. पू येणारा पुरुष : काच आणि राखाडी किट किंवा इंजेक्शन, कार्ट्रिज नाही. पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष : गुदद्वाराचा आणि घशाचा नमुना कार्ट्रिजवरच, तिथं काच उपयोगाची नाही. बाईच्या नवऱ्याला किंवा जोडीदाराला पू, आग किंवा लपवलेल्या गोळ्या : कार्ट्रिज, तिला काही होत असो वा नसो. गरोदर बाईला अशीच शंका : कार्ट्रिज, आणि तिला पहिला नंबर, कारण बाळंतपणात हा जंतू बाळाच्या डोळ्यांत जातो. नुसतं पांढरं जातं आणि बाकी काही नाही : पीएचची पट्टी, पोटॅशचा थेंब, हिरवं किट.

क्षयरोग विभागाच्या पर्यवेक्षकांशीही बोलणं झालं. बाजाराच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत एक कप्पा आमच्यासाठी मोकळा ठेवायचा, अकरापर्यंत आमचा नमुना आला नाही तर त्यात थुंकी लावायची. त्यांनी एकच अट घातली, यूपीएसच्या नव्या बॅटरीसाठीच्या मागणीपत्रावर आम्हीही सही करायची. ती लगेच केली.